बडोद्याच्या पाण्यात औषधं किती आहेत ते एकदा मोजा तरी : महापालिका आणि प्रदूषण बोर्डाला खुलं पत्र

मा. आयुक्त साहेब, महापौर, सगळे नगरसेवक, आणि प्रदूषण नियंत्रण बोर्डाचे बडोद्यातले अधिकारी,

सप्रेम नमस्कार. गुजराती कॉपी वेगळी पाठवतेय, तुम्हाला ती वाचायला सोपी जाईल. ही मराठीतली दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, प्रतापनगर इथल्या आमच्या लोकांसाठी, कारण मीटरचं बिल, पाण्याचं प्रेशर, गढूळ पाणी यावर आम्ही रोज कटकट करतो पण या विषयावर कुणी चकार शब्द काढत नाही.

आधी मी कोण ते सांगते. बडोद्यातल्याच एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला (क्युसी) होते, आता रिटायर. नोकरीची सगळी वर्षं एचपीएलसी मशीनसमोर गेली, म्हणजे औषधातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या मशीनसमोर. गोळी बनली की आम्ही तिला गरम करायचो, दमट ठेवायचो, उजेडात ठेवायचो, ॲसिडमध्ये उकळायचो, आणि बघायचो की औषध फुटून त्याचं काय होतं. त्या फुटलेल्या पदार्थांना डिग्रेडेशन प्रॉडक्ट म्हणतात. एक हजारांश भाग एवढं जरी काही अनोळखी दिसलं तरी ते काय आहे, कुठून आलं, हे शोधून काढल्याशिवाय बॅच पुढे सरकत नाही, रात्री दहा वाजले तरी नाही. एवढी काळजी गोळी माणसाच्या पोटात जाईपर्यंत. पोटातून बाहेर पडून संडासात गेली की तिचं पुढे काय होतं हे या देशात कुणी कुणाला विचारत नाही, आणि कायद्याने विचारायची सक्तीही नाही. माझा सगळा राग यावर आहे.

आता आत्ताच का लिहितेय ते. गुजरात सरकारने 2018 मध्ये सांडपाणी ट्रीट करून परत वापरायची पॉलिसी आणली, चांगली आहे, मी तिच्या बाजूने आहे, पाणी वाया घालवण्याचे दिवस राहिले नाहीत. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर विश्वामित्रीचं पात्र खोल केलं, रुंद केलं, गाळ काढला, तेही ठीक. पण या सगळ्या चर्चेत पाणी किती आणि कुठून जाईल एवढंच आहे. पाण्यात काय आहे हा विषय निघाला की एकच उत्तर मिळतं, रिपोर्ट नॉर्मल आहे. साहेब, रिपोर्टमध्ये असतं काय? पीएच म्हणजे आम्लता, बीओडी आणि सीओडी म्हणजे पाण्यातली घाण मोडायला किती ऑक्सिजन लागतो ते, सस्पेंडेड सॉलिड म्हणजे तरंगणारा गाळ, आणि कॉलिफॉर्म जंतू. पिण्याच्या पाण्याचं आयएस 10500 स्टँडर्ड 2012 चं, त्यात कीटकनाशकं आहेत, आर्सेनिक आहे, फ्लोराइड आहे, औषध एकही नाही आणि शुगर फ्रीवाली गोड पावडरही नाही. जे शोधलंच नाही ते सापडणार कसं? क्युसी लॅबमध्ये मी असा नॉर्मल रिपोर्ट सही करून दिला असता तर ऑडिटरने मला दारातून बाहेर काढलं असतं.

थोडं समजावून सांगते, कारण सगळी औषधं सारखी नसतात आणि तुमच्यातले बरेच जण असं धरून चालतात की सांडपाण्याच्या प्लांटमधून पाणी निघालं म्हणजे सगळं संपलं.

पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन ही गरीब मंडळी. अटलादऱ्यासारख्या प्लांटच्या टाकीत जे जंतू सोडलेले असतात ते यांना खाऊन टाकतात, प्लांट नीट चालला तर बहुतेक संपतात. पण फिट्स आणि चेहऱ्याच्या नसांच्या दुखण्यावर जी कार्बामॅझेपीन देतात ती जवळजवळ तशीच्या तशी बाहेर पडते, दहा टक्के कमी झाली तरी खूप. उलट कधी कधी प्लांटमध्ये जाताना कमी आणि बाहेर पडताना जास्त मोजली जाते. चमत्कार वगैरे नाही हो. लिव्हर काही औषधांना एक शेपूट लावून शरीराबाहेर ढकलतं, आणि गटारातले जंतू ती शेपूट कापून टाकतात, झालं, मूळ औषध परत जिवंत. सल्फामेथोक्साझोल नावाचं जुनं अँटिबायोटिक आहे त्याचंही हेच. म्हणजे तुम्ही फक्त आत येणारं मोजलं तरी फसाल.

डायबेटिसचं मेटफॉर्मिन घ्या, दांडिया बाजारात एक घर दाखवा जिथे ते नाही. शरीर त्याला मोडतच नाही, जेवढं गिळलं तेवढं बाहेर येतं. साधा हिशेब करा, एक लाख माणसांनी रोज एक ग्रॅम घेतलं तर वर्षाला साडेछत्तीस टन होतं. साडेछत्तीस टन! एका शहरातून, एकाच औषधाचं. प्लांटमधले जंतू त्यातलं बरंचसं मोडतात हे खरं, पण मोडून ग्वानिलयुरिया नावाचा पदार्थ बनतो आणि तो पुढे सहज मोडत नाही. रिपोर्टमध्ये मेटफॉर्मिन गेलं असं लिहायला तुम्ही मोकळे, पाण्यातून मात्र ते दुसऱ्या नावाने पुढे गेलेलं असतं. आमच्या भाषेत डिग्रेडेशन झालं म्हणजे काम झालं असं नसतं, कशात झालं ते सांगा.

डायक्लोफिनॅकचं वेगळं. प्लांटमध्ये थोडंफार कमी होतं, भरवसा नाही, पण उन्हात पटकन फुटतं. आपल्याकडे ऊन काय कमी आहे म्हणाल. पण ऊन पाण्याच्या वरच्या थरातच शिरतं, आणि विश्वामित्रीवर कुठे जलपर्णी, कुठे फेस, बाकी काळं पाणी, खाली ऊन पोचणार कुठून? याच औषधाने गिधाडं मेली हे विसरू नका. जनावरांना दिलं, जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, किडन्या गेल्या. 2004 मध्ये कारण सापडलं, 2006 मध्ये जनावरांसाठी बंदी आली, तोपर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून जास्त संपली होती.  आपल्या नदीत शेकडो मगरी आहेत, त्यांचे फोटो काढायला सगळे जातात, त्यांच्या पाण्यात औषध किती ते मोजायला कुणी नाही.

सिप्रोफ्लॉक्सासिन पाण्यात फार राहत नाही, गाळाला चिकटतं. मग पाण्याचा रिपोर्ट छान येतो. आणि गाळ? वाळवून खत म्हणून शेतात.

आता गोड पावडर. हसू नका, हा भाग माझा सगळ्यात आवडता आहे. शुगर फ्री म्हणून चहात टाकतो त्या गोळीत बऱ्याचदा सुक्रालोज असतं, 1976 मध्ये सापडलेलं, म्हणजे साखरेचाच रेणू पण तीन जागी क्लोरीन बसवलेला. त्या क्लोरीनमुळे शरीराला तो साखर म्हणून ओळखताच येत नाही, बहुतेक सगळा जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि जी युक्ती शरीरावर चालते ती प्लांटमधल्या जंतूंवरही चालते. पाण्याच्या टाकीतल्या क्लोरीनने काही होत नाही, पाणी शुद्ध करायला वापरतात त्या ओझोन वायूलाही तो दाद देत नाही. याचा दुसरा भाऊ असिसल्फेम, 1967 चा, कोल्ड्रिंकमध्ये असतो, किडनीतून तसाच निघतो. 2009 मध्ये स्वित्झर्लंडवाल्यांनी तो जमिनीखालच्या पाण्यातही मोजला. त्याची गंमत अशी की सुरुवातीला हा मोडतच नाही असं सगळे म्हणत होते आणि नंतर काही देशांच्या प्लांटमध्ये जंतू त्याला खायला शिकले. सॅकरीन आणि सायक्लामेट मात्र प्लांटमध्ये बऱ्यापैकी संपतात, अस्पार्टेम तर आतड्यातच मोडतं. म्हणजे पाच जणांचा स्वभाव चार तऱ्हेचा, आणि म्हणूनच कामाचा.

कामाचा कसा? सुक्रालोज निसर्गात कुठेच बनत नाही. झाडात नाही, खडकात नाही, गाईच्या शेणात नाही. त्यामुळे तो एखाद्या बोअरच्या पाण्यात सापडला तर त्याचा अर्थ एकच, माणसाचं सांडपाणी तिथे पोचलंय. आणि त्याच पाण्यात सॅकरीनही सापडलं तर गटाराचं पाणी ट्रीट न होता थेट शिरतंय असा संशय घ्यायला जागा आहे. बाहेरच्या देशांत लोक फुटक्या ड्रेनेज लाइन अशा पकडतात. आपल्याकडे गढूळ पाणी आलं, वास आला, पोरं आजारी पडली की मग खड्डा खणायचा, आधी रस्ता मग चौकशी. ज्या जुन्या पोळांमध्ये, म्हणजे गल्लीबोळांच्या वस्त्यांमध्ये, पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन एकमेकींना खेटून जाते तिथे हा गोड पोलीस किती उपयोगी पडेल याचा विचार करा.

खरं ते सांगते, मला कुणाला घाबरवायचं नाही. पाण्यात हे सगळं नॅनोग्राममध्ये असतं, फार तर मायक्रोग्राममध्ये. नळाचं पाणी पिऊन तुम्हाला मेटफॉर्मिनचा डोस मिळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये स्पष्ट म्हटलंय की पिण्याच्या पाण्यात एवढ्या बारीक प्रमाणातल्या औषधांनी माणसाला धोका होण्याची शक्यता फार कमी. व्हॉट्सॲपवर कुणी या पत्रातला अर्धा भाग कापून सनसनाटी करणार असेल तर हे वाक्यही सोबत पाठवा.

पण मासा त्या पाण्यात पाहुणा म्हणून येत नाही, जन्मभर तिथेच असतो. कॅनडात एका अख्ख्या तळ्यात मुद्दाम गर्भनिरोधक गोळीतलं हार्मोन टाकून बघितलं, लिटरला पाच-सहा नॅनोग्राम, फक्त तेवढं. थोड्याच वर्षांत तिथल्या छोट्या माशांची वस्ती जवळजवळ बुडाली, 2007 मध्ये ते छापून आलं. आणि अँटिबायोटिकचा प्रश्न तर मासे-माणूस असा वेगळा राहतच नाही, पाण्यात थोडं थोडं अँटिबायोटिक असलं की जंतूंची रोजची तालीम चालते. हैदराबादजवळ पाटनचेरूला औषध कारखान्यांचं पाणी साफ करणाऱ्या प्लांटच्या बाहेर 2007 मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला 31 मिलीग्रामपर्यंत मोजलं होतं. मिलीग्राम, नॅनो नाही. औषध घेणाऱ्या पेशंटच्या रक्तात असतं त्याहून जास्त. आपल्या नंदेसरीला आणि आजूबाजूला औषधाचे आणि केमिकलचे किती कारखाने आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यांचं पाणी 1983 पासून पन्नास किलोमीटरहून लांब चॅनलमधून मही नदीच्या मुखाकडे जातं, वाटेत पादरा तालुक्यातली गावं आहेत. मी कुठल्याही कारखान्यावर बोट ठेवत नाही. मी विचारतेय की त्या चॅनलच्या पाण्यात अँटिबायोटिक किती, हा आकडा लोकांनी बघायचा तर कुठे बघायचा?

आता तक्रारी एकेक करून सांगते.

पहिली, मर्यादाच नाही. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने 2020 च्या जानेवारीत ड्राफ्ट काढला होता, कारखान्याच्या पाण्यात कुठलं अँटिबायोटिक किती चालेल त्याची शंभरावर नावांची यादी होती. आम्ही लॅबमध्ये टाळ्या वाजवल्या होत्या. 2021 मध्ये फायनल नियम आले त्यात ती यादी गायब. तुम्ही दिल्लीत बसत नाही हे मला कळतं, पण राज्याचं बोर्ड केंद्रापेक्षा कडक नियम लावू शकतं, आणि कुणी पत्र लिहायलाही मनाई केलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2024 च्या सप्टेंबरमध्ये अँटिबायोटिक कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी गाइडन्स काढलाय, तो समोर आहे, नव्याने शोध लावायचा नाहीये.

दुसरी तक्रार घराघरातली. 2016 च्या घनकचरा नियमांमध्ये एक्सपायर झालेलं औषध हे घरगुती धोकादायक कचऱ्यात धरलं होतं, आणि असा कचरा जमा करायला दर वीस चौरस किलोमीटरला एक सेंटर हवं असं लिहिलं होतं. बडोद्यात ती सेंटरं कुठे कुठे आहेत, पत्त्यांसह यादी छापा, मी स्वतः सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकेन. सासरे गेल्यावर त्यांचा औषधाचा डबा घेऊन मी ओळखीच्या मेडिकलवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, बेन, आम्ही विकतो, परत घेत नाही, संडासात टाकून द्या. त्याचीही चूक नाही, त्याला कुणी डबा दिला नाही, गाडी दिली नाही, पैसे दिले नाहीत. केरळमध्ये उरलेली औषधं परत गोळा करायची योजना चालू झाली आहे, औषध विकणाऱ्यांना सोबत घेऊन. आपण तर औषध बनवणारं गाव, अलेंबिकसारखी 1907 सालची कंपनी इथे वाढली, तिच्या सुरुवातीच्या मंडळींत कोटिभास्कर नावाचा आपला मराठी माणूस होता, आणि आपल्याला उरलेल्या गोळ्यांसाठी एक डबा ठेवता येऊ नये?

तिसरी. हॉस्पिटलं. सयाजी हॉस्पिटलपासून गल्लीतल्या नर्सिंग होमपर्यंत सगळ्यांचं पाणी शेवटी त्याच गटारात. जंतू मारायला ब्लीचिंग टाकतात, त्याने औषध मरत नाही. सीटी स्कॅनच्या आधी जे आयोडीनवालं इंजेक्शन देतात ते तर एका वेळी ग्रॅमच्या हिशेबात शिरेत जातं, दिवसभरात लघवीतून तसंच बाहेर, आणि मोडायला महाकठीण, कारण ते बनवलंच आहे शरीरात न मोडण्यासाठी.

चौथी, भाजी, आणि इथे माझा आवाज चढतो. पावसाळा सोडला तर विश्वामित्रीत शहराच्या खाली जे वाहतं ते बहुतेक आपलंच पाणी, थोडं ट्रीट केलेलं, थोडं तसंच. माझ्या नणंदेचं सासर त्या बाजूच्या गावात आहे, पंपाने पाणी उचलतात, पालक, मेथी, वांगी काढतात, दुसरं पाणी नाही त्यांच्याकडे, त्यांना दोष देणाऱ्याने आधी दुसरं पाणी द्यावं. इस्राएलमध्ये 2016 मध्ये एक साधा प्रयोग छापून आला, 34 निरोगी माणसं, काहींना ट्रीट केलेल्या सांडपाण्यावरची भाजी दिली, काहींना गोड्या पाण्यावरची, मग उलट केलं. सांडपाण्यावरची भाजी खाणाऱ्यांच्या लघवीत कार्बामॅझेपीन वाढलं. पेशंट घेतो त्याच्या मानाने अगदी थोडं, तेही सांगते. पण ज्याला फिट येत नाही त्याने फिटचं औषध पालकातून का खावं? आणि साहेब, ही भाजी कुठे विकली जाते ते बघायला लांब जायला नको, तुमचं ऑफिस ज्या खंडेराव मार्केटच्या इमारतीत आहे तिथलंच भाजी मार्केट, खिडकीतून दिसेल.

पाचवी तक्रार छोटी आहे. 1892 मध्ये सयाजीराव महाराजांनी आजव्याच्या तलावाचं पाणी आणलं त्याचं कौतुक दर वर्षी भाषणात होतं. त्या काळी जे मोजता येत होतं ते त्यांनी मोजलं. आज जे मोजता येतं ते आपण मोजत नाही.

मागण्या सांगते. खर्च बघून केल्या आहेत, चंद्र मागत नाहीये.

सहा-सात पदार्थ ठरवा, जास्त नको. कार्बामॅझेपीन, डायक्लोफिनॅक, मेटफॉर्मिन आणि सोबत त्याचा ग्वानिलयुरिया, सल्फामेथोक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, सुक्रालोज. जगभरातल्या 258 नद्यांचा जो मोठा सर्व्हे 2022 मध्ये छापून आला त्यात कार्बामॅझेपीन आणि मेटफॉर्मिन निम्म्याहून जास्त ठिकाणी सापडले होते, त्यामुळे आपल्याकडे सापडले तर लाजायचं कारण नाही. अटलादरा, तरसाली, गाजरावाडी इथल्या प्लांटचं आत येणारं आणि बाहेर जाणारं पाणी, विश्वामित्री शहराच्या वर आणि खाली, आजवा, महीच्या फ्रेंच विहिरी, आणि वेगवेगळ्या वॉर्डांतले काही बोअर. फ्रेंच विहिरींचं पाणी वाळूतून गाळून येतं, त्यात खूप काही अडतं हे मान्य, पण बर्लिन शहरही नदीकाठच्या वाळूतून गाळलेलंच पाणी पितं आणि तिथे कार्बामॅझेपीन वाळूतून निसटून आलेली सापडली आहे, तर आपल्याकडे बघायला काय हरकत. वर्षातून तीनदा, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. सिप्रो मोजताना प्लांटचा गाळही मोजा, नुसतं पाणी नको. आकडे वेबसाइटवर, गुजराती, हिंदी, मराठीत, आले तसे, गोल न करता.

नवीन प्लांट किंवा जुन्या प्लांटचं एक्स्टेंशन टेंडरला जाईल तेव्हा शेवटी ओझोन किंवा ॲक्टिवेटेड कार्बनसाठी (औषध शोषून घेणारा कोळसा) जागा सोडा, आज बसवू नका हवं तर, नुसती जागा आणि पाइपची सोय. स्वित्झर्लंडने 2016 पासून निवडक शंभरेक प्लांटना हे सक्तीचं केलं, 80 टक्के काढायचं टार्गेट. नुसता ओझोन मारून थांबू नका, त्यातूनही नवे तुकडे पडतात, मागे वाळूचा फिल्टर लागतो, हे टेंडर लिहिणाऱ्याला कुणीतरी सांगा. पैसे कुठून हा प्रश्न येणारच, तर युरोपियन युनियनने 2024 च्या कायद्यात औषध आणि कॉस्मेटिक कंपन्यांकडून यातला निदान 80 टक्के खर्च घ्यायचं ठरवलं, कंपन्या कोर्टात गेल्या ती गोष्ट वेगळी. आपल्याकडे सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या, नावाने बाकडी आणि कमानी बसतात, त्यातले थोडे इकडे वळवा.

औषध परत घ्यायचे डबे, आधी प्रत्येक वॉर्ड ऑफिसला एक आणि मोठ्या हॉस्पिटलांना एक, नंतर मेडिकल स्टोअर. चॅनलच्या पाण्यातल्या अँटिबायोटिकचे आकडे बोर्डाने जाहीर करावेत. शेतीला पाणी देण्याआधी कार्बामॅझेपीनचा आकडा त्या गावच्या सरपंचाच्या हातात द्यावा.

लॅब नाही असं मात्र सांगू नका, निदान बडोद्यात तरी नाही. हे मोजायला जे मास स्पेक्ट्रोमीटरवालं मशीन लागतं ते औषध उद्योगात रोजचं आहे, आणि ते चालवता चालवता रिटायर झालेले आम्ही बरेच जण सकाळी कमाटी बागेत चकरा मारतो. मेथड बसवायला, आकडे तपासायला आम्ही येतो, मानधन नको, चहा बिनसाखरेचा चालेल.

तीस दिवसांत लेखी उत्तर द्या, हो किंवा नाही, नाही असेल तर कारण. आणि पहिलं सॅम्पल घ्यायला माणूस पाठवाल तेव्हा त्याला तपकिरी काचेच्या बाटल्या द्या, प्लास्टिकच्या नको, बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी लॅबला पोचवायला सांगा. बाटली जीपच्या बोनेटवर उन्हात राहिली तर डायक्लोफिनॅक वाटेतच फुटेल आणि तुम्हाला परत एक नॉर्मल रिपोर्ट मिळेल.

आपली,
एक रिटायर्ड क्युसीवाली
दांडिया बाजार, बडोदा